अनिर्णित!

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'कसोटी क्रिकेट आता कालबाह्य झाले आहे'. मी विरुद्ध बाजूने बोलत होतो. प्रतिपक्षाच्या वक्त्याने हात उंचावून विचारले, "पाच-पाच दिवस खेळून शेवटी निकालच लागणार नसेल, तर खेळायचे कशाला?" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझी बोबडी वळली. घंटा वाजली, मी खाली बसलो. उत्तर सुचले ते रात्री अंथरुणावर पडल्यावर! तेच येथे लिहितो आहे.

सोमवार, ११ जानेवारी २०२१. सिडनी कसोटीचा पाचवा दिवस. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी टी.व्ही. नव्हता, म्हणून पहाटेच्या अंधारात गोधडी पांघरून शेजारच्या काकांकडे जाऊन बसलो होतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत होती. ॲडलेडला आपला डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला होता. मेलबर्नला अजिंक्य रहाणेच्या शतकाने आपण सावरलो होतो. सिडनीत जिंकायला ४०७ धावा हव्या होत्या आणि २ बाद ९८ वरून खेळ पुढे सुरू झाला. दिवसाच्या दुसऱ्याच षटकात कर्णधार रहाणे बाद झाला. "संपलं!" म्हणून काका चहा ठेवायला उठून गेले. मी बसून राहिलो.

मग कोपराला मार बसलेल्या ऋषभ पंतने ११८ चेंडूंत ९७ धावा झोडपल्या. यष्टिरक्षक टिम पेनने त्याचे दोन झेल सोडले, हेही कबूल केले पाहिजे. चेतेश्वर पुजाराने २०५ चेंडू खेळून ७७ धावा केल्या. घटकाभर विजयाची स्वप्नेसुद्धा पडली. पण दोघेही परतले आणि धावफलकावर ५ बाद २७२ लागले.

खरा खेळ तेथून सुरू झाला. हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू धाव घेताना दुखावला होता. अश्विनची पाठ अशी धरली होती, की सकाळी त्याला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हते. तंबूत रवींद्र जडेजा मोडलेल्या अंगठ्यानिशी पॅड बांधून बसला होता. धावता येत नाही, वाकता येत नाही, अशी ही जोडी चाळीसहून अधिक षटके उभी राहिली. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. अखेर ५ बाद ३३४, सामना अनिर्णित. मी उड्या मारीतच घरी आलो.

आण्णा मार्केट यार्डात हमाली करतात. दुपारी ते जेवायला आले होते. त्यांनी विचारले, "काय रं, जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"मग हारलं कोण?"

"कुणीच नाही."

"आन् तू पहाटंपास्नं काय बघितलंस?"

तेव्हाही मला उत्तर देता आले नव्हते!

आज देतो. त्या दिवशी आपण ७३ धावांनी मागे होतो. एकदिवसीय सामन्यात ७३ धावा कमी पडणे म्हणजे सरळ पराभव. कसोटीत मात्र प्रतिपक्षाच्या धावा जास्त आहेत एवढ्याने भागत नाही. त्याला शेवटच्या डावात आपले दहाही गडी बाद करावे लागतात. म्हणजे जो दुबळा आहे, मागे पडला आहे, त्याच्याही हाती काहीतरी राहते. त्याला जिंकता येत नसेल, पण तो हरायचे नाकारू शकतो. इतर किती खेळांत ही सोय आहे?

सगळेच अनिर्णित सामने थोर असतात, असे मी म्हणणार नाही. १९९७ साली कोलंबोला भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला आणि श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा रचल्या. पाच दिवसांत पडले १४ गडी! त्या सामन्याबद्दल कुणी 'कशाला खेळलात?' असे विचारले, तर मी निमूट बसेन. पण निवृत्तीला आलेले आमचे एक सर १९७९ च्या ओव्हल कसोटीबद्दल बोलू लागले, की तास संपल्याची घंटाही त्यांना ऐकू येत नाही. विजयासाठी ४३८ धावा हव्या असताना सुनील गावसकरने २२१ केल्या आणि आपण ८ बाद ४२९ वर थांबलो. नऊ धावा कमी! तोही सामना अनिर्णितच.

सिडनीनंतर आठच दिवसांनी, १९ जानेवारीला, आपण ब्रिस्बेनची कसोटी आणि मालिका जिंकलो. करंडकाभोवतीचे छायाचित्र सर्वांना आठवते. पण दुखापतींमुळे विहारी आणि अश्विन ब्रिस्बेनला खेळलेच नव्हते, हे किती जणांच्या ध्यानात आहे? मालिका हातची जाऊ न देणारे एक आणि विजयी धाव घेणारे दुसरे, असे व्हायचेच. आण्णा चौथीत शाळा सोडून पोत्याखाली गेले. आमच्या घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणारा मी पहिला. त्या छायाचित्रात बघताना मला आण्णा आठवतात, ते यामुळेच.

गेल्या वर्षी माझे दोन विषय राहिले. आण्णांनी विचारले, "पास का नापास?" मी म्हणालो, "एटीकेटी." त्यांना ते समजेना. मामा म्हणाले, "सोडून दे, दुकानात लावतो तुला." आई गप्प होती. मी आण्णांना समजावले, की पास नाही, पण वर्ष वाया गेले नाही. पुढच्या वर्गात बसता येते, राहिलेले पेपर पुन्हा देता येतात. ते बराच वेळ विचार करीत बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्या तुझ्या म्याचवानी. अजून औट न्हाईस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षेचे पैसे माझ्या हातावर मोजून ठेवले.

माझ्या प्रतिपक्षी मित्रा, स्पर्धेचे बक्षीस तुला मिळाले, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. पण 'खेळायचे कशाला' हा प्रश्न आमच्या घरी पुन्हा कुणी विचारलेला नाही. ते दोन पेपर अजून व्हायचे आहेत.