तीन भोकांची थाप

मित्रांनो, विषय जरा वेगळा आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. नेमबाजीच्या रिव्हॉल्व्हरसाठी अचूक काडतूस कसं शोधतात, यावर मी लिहिणार आहे. "मेस, सबमिशन, प्लेसमेंट सोडून हे काय नवीन?" असं तुम्ही म्हणाल. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्या लॅबमध्ये चार वर्षांत जे शिकायचं राहून जातं, ते या छंदवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी दासगावचा. सावित्रीच्या खाडीत पाग टाकणाऱ्यांना शिसं नवीन नाही. जाळ्याच्या कडेचा शिशाचा एखादा तुकडा थोडा जड, थोडा वाकडा असला तरी जाळं बुडतंच. गोळीचं तसं नाही. अमेरिकेत कितीतरी हौशी नेमबाज घरी शिसं ओतून गोळ्या करतात आणि आपलं काडतूस आपणच भरतात. (आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा हॉस्टेलच्या हिटरवर प्रयोग नकोत!) शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्यात थोडं कथील घातलं की साचा नीट भरतो, अँटिमनी घातलं की गोळी कडक होते. गोळीत एका बाजूला हवेची पोकळी राहिली तर ती फिरताना डगमगते. मेकॅनिकलवाल्यांना अनबॅलन्स्ड रोटर आठवेल. म्हणून एकेक गोळी वजन करून निवडतात.

पुढची भानगड मापाची. गोळी नळीतल्या खाचांच्या मापापेक्षा किंचित जाड लागते. बारीक पडली तर मागचा तापलेला वायू बाजूने निसटतो, शिसं नळीला चिकटतं आणि नेम जातो. "कडक गोळी म्हणजे चांगली गोळी" हा समज इथेच मोडतो. त्यात रिव्हॉल्व्हरला सहा चेंबर. प्रत्येकाच्या तोंडाचं माप आणि नळीशी जुळणं केसभर वेगळं असू शकतं. म्हणजे हातात एक नाही, सहा हत्यारं आहेत असं समजा! म्हणून जाणकार माणूस कुठली गोळी कुठल्या चेंबरमधून गेली हेसुद्धा लिहून ठेवतो.

आता मिश्रधातू, माप, वंगण, दारूचा प्रकार, तिचं वजन, प्राइमर, गोळी किती आत बसवली, एवढी सगळी व्हेरिएबल्स. एका वेळी एकच बदलायचं, हे आपल्यालाही पाठ आहे. खरी परीक्षा पुढे आहे.

तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली, की माणूस हुरळतो. ही तीन भोकं थाप मारतात. गोळ्यांचं विखुरणं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनप्रमाणे धरलं, तर सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर तीन गोळ्यांना सरासरी २.४ सिग्मा येतं, पाच गोळ्यांना ३.१ आणि दहांना ३.८. म्हणजे तेच हत्यार, तेच काडतूस, पण दहाचा ग्रुप तीनच्या ग्रुपपेक्षा दीडपटीहून मोठा दिसतो. बिघडलं काहीच नाही, खरं काय ते दिसायला लागलं एवढंच. आणि दहा प्रकारची काडतुसं तीन-तीन गोळ्यांनी तपासली, तर ती सगळी अगदी सारखी असली तरी त्यातलं एक पहिलं येणारच. आपण त्याला "सापडलं!" म्हणणार.

दुसरी थाप लांब गेलेल्या भोकाची. "ती मोजू नका, हात हलला." या लोकांचा नियम मला फार आवडतो. हात हलला हे कागद बघायच्या आधी सांगितलं असेल तरच ती गोळी सोडायची. भोक बघितल्यावर आठवलेला हात चालत नाही.

ही नुसती परदेशी हौस नाही. सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत बरेच नेमबाज .३२ ची चपट्या तोंडाची शिशाची गोळी वापरतात. पंचवीस मीटरवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. पन्नास मीटर रायफलला ते फक्त १०.४ मिलिमीटर! कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच पन्नास मीटर रायफलचं ब्राँझ आणलं. .२२ चं काडतूस स्वतः भरता येत नाही, म्हणून त्या पातळीवर रायफल शिकंजात बांधून एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट झाडून बघतात. तोच कारखाना, तोच डबा, तरी लॉट बदलला की ग्रुप बदलतो. एनसीसीत ग्रुपिंग केलेल्यांना हे पटेल. ग्रुप घट्ट पण बाजूला पडला तर साइट सरकवून भागतं. ग्रुपच विखुरला असेल तर साइट कितीही फिरवा, उपयोग नाही.

आता आपल्या जर्नलकडे या. आपल्याकडे ग्राफ आधी ठरतो आणि रीडिंग मागून येतात. रेषेबाहेरचा बिंदू दिसला की खोडरबर निघतो. सीनियरचं जर्नल पिढ्यान्‌पिढ्या फिरतं, आणि त्यातली सरळ रेषा इतकी सरळ असते की निसर्गालाही लाज वाटावी! त्या हौशी माणसाला कोणी मार्क देत नाही, तरी तो चुकलेलं भोक वहीत ठेवतो. आपण मार्कांसाठी ते पुसतो.

याची किंमत कागदावर थांबत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन बस वाहून गेल्या. त्याची कारणं सांगायचा मला अधिकार नाही. पण तेव्हापासून "तपासलं, ठीक आहे" हे शब्द मी सहज घेत नाही. उद्या असल्या शेऱ्याखाली आपल्यापैकीच कोणाची तरी सही असणार आहे.

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. टर्ममधून एक तरी प्रयोग असा ठेवा, ज्यात एकच रीडिंग दहा वेळा घ्यायचं, दहाही पेनने लिहायची, आणि मार्क रेषेला न देता विखुरण्याच्या हिशेबाला द्यायचे. एखादं रीडिंग सोडायचं असेल तर कारण आकडा बघायच्या आधी लिहिलेलं हवं. आणि मित्रांनो, रेषेबाहेरचा बिंदू दिसला तर खोडरबर खाली ठेवा. कदाचित तो एकच बिंदू खरं बोलत असेल.