गर्दुल्ल्याशी कोण बोलणार?

अनिल अवचट म्हटलं की बहुतेकांना ओरिगामी, बासरी आणि लाकडातली शिल्पं आठवतात. छंदांत रमलेला, गोड बोलणारा लेखक. ही ओळख खोटी नाही, पण फार सोयीची आहे. डॉक्टर होऊनही दवाखान्यात न रमलेला, बिहारमधून परतल्यावर 'पूर्णिया' लिहिणारा समाजवादी कार्यकर्ता तिच्यात दिसत नाही. १९७२ च्या स्वातंत्र्यदिनाचा 'साधना'चा अंक राजा ढालेंच्या लेखामुळे गाजला, त्याचं संपादन अवचटांनी केलं होतं. हमीद दलवाईंवरचं 'हमीद' हे पुस्तकही त्यांचंच. दलवाईंची मतं पटोत न पटोत, चळवळीतल्या मित्राकडे माणूस म्हणून कसं बघावं यासाठी ते वाचायला हवं.

पण आज आपल्याला त्यांची गरज आहे ती वेगळ्या कारणासाठी.

ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर शिरली. लोक तिला गर्द म्हणत. अवचट गर्दुल्ल्यांमध्ये जाऊन बसले, त्यांचं ऐकलं, लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी पैसे देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या तिथेच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. (नाव मात्र नवऱ्याचंच जास्त झालं. आपल्याकडे हे नेहमीचंच.)

मुक्तांगणची रीत साधी आहे. व्यसन हा आजार, गुन्हा नव्हे. जो स्वतः व्यसनातून बाहेर आलाय तोच नव्याने आलेल्याशी बोलतो, कारण त्याला फसवता येत नाही. आणि व्यसनी माणसाच्या बायकोसाठी 'सहचरी' हा वेगळा गट. मार खाणारी, उधारी फेडणारी, नातेवाइकांना खोटं सांगणारी तीच असते, म्हणून तिलाही बोलायला जागा हवी.

आता आपल्या मोहल्ल्यात या. मालेगावात 'कुत्ता गोळी' आहे, मुंबईत एमडी आहे. आपण काय करतो? नशामुक्तीची रॅली काढतो, बॅनर लावतो, तकरीर ठेवतो. नशा हराम आहे हे त्या पोराला ठाऊक नसतं का? ठाऊक असतं, म्हणूनच तो लपवतो. घरचे इज्जतीपायी लपवतात, मग 'निकाह लावून द्या, सुधारेल' म्हणतात आणि आणखी एका मुलीचं आयुष्य त्यात ओढतात.

नशा न करणाऱ्याचंही तेच. रात्र रात्र झोप नाही, कशात मन लागत नाही, असं कुणी सांगितलं तर एकजण म्हणतो असर आहे, दुसरा म्हणतो ईमान कमजोर आहे. चळवळीतला मित्र म्हणतो, अरे, प्रश्न व्यवस्थेचा आहे. आहेच! नाव ऐकून भाड्याने घर नाकारलं जातं, त्याचा घाव मनावर होतोच. पण व्यवस्था बदलेपर्यंत त्या मुलाने झोपायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

दर्ग्यावर जाणाऱ्यांना हसू नका. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला, दुआ मागायला आलेल्याला तिथेच मानसोपचार मिळावेत म्हणून. आपल्या शादीखान्याची एक खोली आठवड्यातून एका संध्याकाळी मोकळी मिळणार नाही का? नशा सोडलेली दोन माणसं प्रत्येक वस्तीत असतात, त्यांना तिथे बसवा. टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर भिंतीवर लिहा, त्यावर मराठीतही बोलता येतं.

आणि पहिली बैठक बायकांची ठेवा. पोरगा यायला वर्ष लावेल. त्याची अम्मी पहिल्याच आठवड्यात येईल.