मूत्रपिंडाचा आजार आणि ताटातली भाकरी

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि नाचणी, ज्वारी, बाजरीला पुन्हा मान मिळाला. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी परिसराला या धान्यांची नव्याने ओळख करून द्यायची गरज नव्हती. भात-भाकरी हेच इथले रोजचे जेवण. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्या घरात आता प्रश्न पडतो. एकजण म्हणतो, नाचणी सगळ्यांनाच चांगली. दुसरा सांगतो, भाकरी सोडा, ब्रेड खा. हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

मूत्रपिंड अशक्त झाले की पोटॅशियम, फॉस्फरस आणि मीठ रक्तात साठू लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ४४० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, ज्वारीत सुमारे ३३०, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम ११०. म्हणून रक्तातले पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला भात सोयीचा पडतो. त्याच रुग्णाला मधुमेह असेल, तर मात्र भाताचे प्रमाणही मोजावे लागते.

फॉस्फरसचा हिशेब वेगळा आहे. धान्यातला बराच फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि शरीर त्यातला निम्म्याहून कमीच शोषते. बेकरीच्या व पाकीटबंद पदार्थांत घातलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळे रक्तात उतरते. शिवाय ब्रेडच्या दोन स्लाइसमधून अर्धा ते पाऊण ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. चहाबरोबर खारी-टोस्ट, मिसळीबरोबर ब्रेड असे चालले, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. घरच्या भाकरीत मीठ नसले तरी चालते. तिच्यासोबतचा खर्डा, लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी यांना आवर घालायला हवा.

आजाराच्या टप्प्यानुसार आहार बदलतो. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. डायलिसिसवर ती १ ते १.२ ग्रॅमपर्यंत लागतात. त्यामुळे डायलिसिसच्या रुग्णाने भीतीपोटी जेवण तोडले, तर स्नायू झिजतात आणि अशक्तपणा वाढतो. त्याने आंबील आणि पेजही दिवसभराच्या पाण्याच्या हिशेबात धरावी.

पोटॅशियम वाढले असेल, तर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकावी. नाचणीची भाकरी रोज न करता अधूनमधून, ठरल्या मापाने खावी. पोटॅशियम योग्य असेल, तर ज्वारीची भाकरी बंद करण्याचे कारण नाही.

कोणते धान्य किती खायचे, हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये. क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि साखरेचे ताजे अहवाल घेऊन डॉक्टरांना विचारावे. अहवाल बदलले की ताटही बदलावे लागते.