दोनशे फॉर्म आणि एक चूल

'सॅम्पल साईझ किती?' सातव्या सेमच्या व्हायवाला एक्सटर्नलचा पहिलाच प्रश्न. आम्ही छाती फुगवून म्हणालो, 'दोनशे, सर!' सर खूश, आम्ही खूश. पण मित्रांनो, खरं सांगू? त्या दोनशे फॉर्मांतून आम्हाला काडीचंही कळलं नव्हतं.

प्रोजेक्ट सुधारित चुलीचा. 'धुराचा त्रास होतो का?' सगळ्यांची 'हो'वर टिक. 'सुधारित चूल वापराल का?' पुन्हा 'हो'. दारात उन्हातून आलेल्या पोरांना नाही कोण म्हणणार? शेवटच्या घरी चहाला बसलो, तर कोपऱ्यात कधीकाळी योजनेतून मिळालेली बिनधुराची चूल, आणि तिच्यावर कळशी! विचारल्यावर मावशी हसल्या. 'बाळांनो, हिला लाकूड बारीक फोडावं लागतं. आन् जाळ पुढं येतच न्हाई, मग भाकरी कुठं शेकू?' आमच्या डिझाइनचं तोंडही तसंच अरुंद होतं. फॉर्ममध्ये भाकरी हा शब्दच नव्हता.

देशभर हेच झालंय. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम ऐंशीच्या दशकात सुरू झाला, २००२ मध्ये बंद पडला. तोवर ३ कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या, पण कित्येक घरांत त्या पडूनच राहिल्या.

फॉर्म वाईट नाहीत. 'किती' ते त्यांनी कळतं, 'का' ते कळत नाही. त्यासाठी अभ्यासाची आखणीच वेगळी हवी. घरं लॉटरीने नाही, मुद्दाम निवडायची: चूल वापरणारं, सोडून दिलेलं, सरपण विकत घेणारं, दहा माणसांचं. 'त्रास होतो का' विचारण्याऐवजी 'काल संध्याकाळचा स्वयंपाक कसा केलात?' म्हणून गप्प बसायचं (आपल्याला हेच जमत नाही). एक अख्खा स्वयंपाक बघायचा, टिपणं त्याच रात्री लिहायची. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं.

पण मग किती मुलाखती? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या. बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मध्येच आले होते. अर्थात त्या स्त्रिया बऱ्याचशा एकसारख्या होत्या, आपली घरं तशी नाहीत. म्हणून आम्ही २० धरल्यात.

आठव्या सेमला पुन्हा त्याच गावात जायचं ठरलंय. सिनॉप्सिसवर '२० मुलाखती' या आकड्याभोवती गाईडनी लाल पेनाने गोल काढलाय आणि शेजारी लिहिलंय, 'फक्त?'