'सभागृहाच्या भावना' आणि उरवड्याच्या बायका

विधान परिषदेला आपण वरिष्ठ सभागृह म्हणतो. कोणापेक्षा वरिष्ठ, हा प्रश्न मला नेहमी पडतो. एखादी सदस्या उठून बाईवरच्या अत्याचाराचा, कामावर झालेल्या मृत्यूचा प्रश्न मांडते. चार-सहा जण संतापून बोलतात. मग सभागृह नेते किंवा मंत्री उभे राहतात : सभागृहाच्या भावना लक्षात घेतल्या आहेत, शासन गंभीर आहे, माहिती घेऊन निवेदन करू. झाले! पुढचा विषय पुकारला जातो.

मी पौड-पिरंगुट पट्ट्यात बचत गटांचे काम करते, म्हणून मुळशीचेच उदाहरण घेते. 7 जून 2021 रोजी उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. 17 कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका. राज्य शासनाने वारसांना पाच-पाच लाख जाहीर केले, चौकशी जाहीर झाली. 5 जुलैला मुंबईत पावसाळी अधिवेशन भरले आणि 6 जुलैला संपले. कारण कोरोनाचे होते आणि ते खोटे नव्हते. पण त्याच कोरोनात या बायका रोज कामावर जात होत्या. बाईने पाळीला हजर राहायचे आणि तिचा प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाने दोन दिवसांत घरी जायचे, हा कुठला न्याय? कारखान्याची तपासणी शेवटची कधी झाली होती? बाहेर पडायच्या वाटा किती होत्या? हजेरीपट कोणाचा, मालकाचा की ठेकेदाराचा? हे खोदून विचारायला दोन दिवस कसे पुरणार?

आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात, सेनेडमध्ये, दिवसाचे कामकाज ठरवताना सदस्य आपापली गाऱ्हाणी मांडतात आणि शेवटी सभागृह नेता एकेकाचे नाव घेऊन उत्तर देतो. तिथेही गुळमुळीत उत्तरे असणारच, नेते शेवटी नेतेच! पण कोणाला काय सांगितले ते नावानिशी दाखवता येते. आपल्याकडेही साधन नाही असे नाही. मंत्री 'करू' म्हणाले तर ते आश्वासन ठरते आणि ते पाळले का, हे पाहायला आश्वासन समिती असते. आपण स्त्री-संघटनांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. या समितीच्या मागे किती वेळा लागलो?

आणि या सभागृहात आपण आहोत तरी कुठे? 78 जागा : 30 आमदारांनी निवडायच्या, 22 स्थानिक संस्थांनी, 7 पदवीधरांनी, 7 शिक्षकांनी, 12 राज्यपालनियुक्त. कारखान्यात पाकिटे भरणाऱ्या, शाळा सुटलेल्या बाईला यांत थेट मत नाही. गावच्या सरपंचबाईलाही नाही, कारण ग्रामपंचायत या मतदारसंघात मोजलीच जात नाही. 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभेत आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा राखीव ठेवायचे ठरवले. राज्यसभा आणि विधान परिषदा मात्र वगळल्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे उपसभापती झाल्या, त्या चळवळीतून आलेल्या. एक बाई खुर्चीवर बसली म्हणून बाके भरत नाहीत.

हे सभागृह निरुपयोगी आहे असे म्हणणाऱ्यांत मी नाही. वि. स. पागे 1960 पासून 1978 पर्यंत त्याचे सभापती होते, आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला. हजारो-लाखो बायकांनी त्यावर चूल पेटती ठेवली. कामावर पाळणाघर आणि प्यायचे पाणी मिळावे म्हणून मात्र संघटनांनाच भांडावे लागले.

तेव्हा पदवीधर मैत्रिणींनो, आपले मत तरी वापरा. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून निवांत बसू नका. पदवी मिळून तीन वर्षे झाली असतील तर 18 नंबरचा फॉर्म भरायचा. पुणे विभागाची निवडणूक डिसेंबर 2020 मध्ये झाली होती आणि मुदत सहा वर्षांची असते. उमेदवार हळदीकुंकवाला वाण घेऊन येतील तेव्हा त्यांना दारातच विचारा : ठेक्यावरच्या बायका जिथे राबतात त्या कारखान्यांची तपासणी कोण करतो, किती महिन्यांनी करतो, आणि हे तुम्ही सभागृहात कोणत्या अधिवेशनात विचारणार?