धुराच्या यंत्रावर शिकलेला गॅस

हायड्रोजन सल्फाइडची ओळख आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या प्रयोगशाळेतच झाली: किपचे उपकरण आणि सडक्या अंड्यांचा वास. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी हा गॅस नाकाला कळतो. शंभर भागांच्या आसपास मात्र नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, गॅस गेला. पाचशेच्या पुढे तो काही मिनिटांत कोसळू शकतो.

२६ ऑक्टोबर २०१९ ला टेक्सासमधल्या ओडेसा इथे तेलक्षेत्रातल्या एका पंपघरात एक कामगार असाच गेला. तो घरी आला नाही म्हणून शोधायला आलेली त्याची पत्नीही तिथेच गेली. त्याचा वैयक्तिक डिटेक्टर अंगावर नव्हता, गाडीत होता. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात, असे 'नायॉश' या अमेरिकी संस्थेने १९८६ मध्येच नोंदवले होते.

म्हणून अग्निशमन दलांच्या वायुगळतीच्या सरावात नाटकातले धुराचे यंत्र पाहिले की मला काळजी वाटते. फोटो झकास येतात, पण हायड्रोजन सल्फाइडला रंग नसतो. पांढरे ढग बघत शिकलेला जवान खऱ्या प्रसंगी ढग शोधेल, आणि ढग दिसला नाही की निर्धास्त होईल. आगीच्या सरावाला धूर ठीक आहे. इथे तो चुकीची सवय लावतो.

याहून चांगले साधन आहे. खऱ्या डिटेक्टरसारखाच दिसणारा नकली डिटेक्टर, आणि गॅसच्या जागी पिंपामागे किंवा मॅनहोलमध्ये लपवलेला छोटा ट्रान्समीटर. जवळ जावे तसा आकडा चढतो, अलार्म वाजतो. काही संचांत प्रशिक्षक दूर बसून आकडा हवा तसा बदलतो. विषाचा एक कणही न सोडता आकडा वाचायची आणि वेळीच मागे फिरायची सवय लागते. माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर.

खरा डिटेक्टर इतका आज्ञाधारक नसतो. त्यातल्या विद्युत-रासायनिक सेन्सरला पूर्ण आकड्यापर्यंत पोचायला साधारण अर्धा मिनिट लागू शकते. लांब नळीने नमुना खेचला तर नळीतल्या प्रवासाचा वेळ वेगळा. म्हणजे तरातरा चालणारा जवान आपल्याच आकड्याच्या पुढे निघून गेलेला असतो. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तर आणखी फसवा. तो वायू आतल्या आत जाळून मोजतो, त्यामुळे प्राणवायू कमी असेल तर आकडाही कमी दाखवतो. म्हणूनच प्राणवायूचा आकडा आधी बघायचा असतो. नकली डिटेक्टर मुद्दाम असा रेंगाळणार नसेल, असा फसवणार नसेल, तर त्यावर तयार झालेला आत्मविश्वास धोकादायक आहे. संच विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. पडद्याच्या चकचकीतपणाबद्दल मग बोलू.

दुसरा प्रश्न पैशांचा. अमेरिकेतले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. वर्षातून एकदा होणाऱ्या भव्य कवायतीपेक्षा दोन-चार गावांनी मिळून एक संच घ्यावा आणि दर महिन्याला तासभर वापरावा, असे माझे मत आहे. सरावात एक पुतळा आत निपचित पडलेला असावा, बाहेर कुणी 'अरे, जा ना आत!' म्हणून ओरडत असावे, आणि पाठीवर श्वसनसंच चढवेपर्यंत एकही जवान हलता कामा नये. ओडेसाचा धडा हा आहे, आणि तो स्लाइड दाखवून शिकवता येत नाही.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये अमेरिकेने जो कायदा केला, त्यानुसार इथे स्थानिक आपत्कालीन नियोजन समित्या असतात. त्यांच्या बैठका नागरिकांना खुल्या असतात. तुमच्या गावाजवळून क्लोरीनचे टँकर जात असतील, किंवा शेजारी तेलविहिरी असतील, तर एखाद्या बैठकीला जाऊन विचारा: आपले दल सराव कशावर करते, डिटेक्टरवर की धुराच्या यंत्रावर?