मेलबर्नचे चार गोल

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की गुजरी-लक्ष्मीपुरीतील पेढ्यांवरही गिऱ्हाइकापेक्षा सामन्याचीच चर्चा अधिक रंगते. अशा या फुटबॉलवेड्या गावात, एकाच ऑलिंपिकमध्ये भारतासाठी सर्वाधिक गोल कोणी केले, असे विचारले तर मात्र उत्तर क्वचितच मिळते.

ते नेव्हिल डिसोझा. जन्म 1932 चा, घराणे मूळ गोव्यातील आसगावचे. खेळ बहरला तो मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे ज्याच्याकडे संघ गोलाचा हक्कच मागतो ती.

1952 साली हेलसिंकी येथे बहुतांशी अनवाणी खेळलेल्या भारतीय संघाचा युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडविला होता. त्यानंतर चार वर्षांनी प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेला संघ बूट घालून मेलबर्नला उतरला. 1 डिसेंबर 1956 रोजी गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी होती. नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला खाते उघडले. यजमानांनी दोनदा बरोबरी साधली; मध्यंतरास 2-2. उत्तरार्धाच्या प्रारंभीच नेव्हिल यांनी तिसरा गोल केला, पुढे किट्टू यांनी चौथा. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक नोंदविणारा हा पहिला आशियाई खेळाडू.

उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल पुन्हा नेव्हिल यांचाच! ही आघाडी अवघी दोन-तीन मिनिटे टिकली, सामना 4-1 असा गेला, कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 असे हरविले. पदक हुकले ते हुकलेच. तरीही चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले.

त्या तिघांतील युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच पुढे स्वतःच्या देशाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तुर्कस्तानातील फेनरबाचेसारखा मातब्बर क्लबही त्यांनी हाताळला. जमेच्या बाजूस आकडा तोच, चार. परंतु नेव्हिल यांच्या खात्यात त्यावर व्याज काही चढले नाही. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, फुटबॉलचा पहिला मान मेलबर्नचेच सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. 1980 साली, पन्नाशीही न गाठता, त्यांचे मुंबईत निधन झाले.

त्या काळी कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकरी देऊन संघ उभारीत. बँकेत असताना असे सहकारी मी जवळून पाहिले आहेत. गुडघा दुखावून मैदान सुटले तरी दरमहा पगार आणि पुढे निवृत्तिवेतन चुकत नसे. खेळाचे कौतुक लवकर ओसरे, हा आधार मात्र राही. तालमीच्या संघांतून खेळणाऱ्या किती मुलांना आज तो आहे?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत खेळला, तेव्हापासून आपल्या घरांतील मुलेही दुकानाऐवजी मैदानाकडे ओढा दाखवू लागली आहेत. त्यांचे वडील सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. मुलाला खेळू द्यावे की नाही, हे मी सांगत नाही. संघाशी करार लेखी आहे का, दुखापतीचा विमा कोण भरणार आणि पदवीची परीक्षा कोणत्या वर्षी, एवढे तीन प्रश्न विचारतो. दोहोंची उत्तरे बहुधा त्यांच्यापाशी नसतात.